उंदरांचं औषध

नम्रताच्या परळमधल्या प्रयोगशाळेत शामराव घाडी पहिल्यांदा शिरले, तेव्हा पिंजऱ्यांतल्या दोनशे उंदरांनी म्हणे एकदम मृत्युपत्रं लिहायला घेतली. नायगावच्या या गृहस्थांनी महापालिकेच्या नोकरीत तीस वर्षं उंदीरच मारले होते. हृदयविकाराच्या झटक्यानंतर त्यांच्या हृदयावर वण राहिला होता. अर्जुनवृक्षाच्या सालीतल्या एका द्रव्याने तो विरतो, असं पेपरात वाचून ते औषध मागायला आले होते.

“विरतो, पण अजून उंदरांचाच,” नम्रता म्हणाली. “डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या सोडू नका, काका.”

“जन्मभर ज्यांना मारलं, त्या मेल्यांची काळजं आधी नीट करतेस? आणि माझं?” शामराव कडाडले. “खड्ड्यात गेल्या त्या गोळ्या!”

घरी जाऊन त्यांनी पाकिटं खरोखरच कचऱ्यात फेकली.

मार्चमध्ये दुसऱ्या झटक्यात शामराव गेले. ते द्रव्य अजून कुठल्याही माणसाला दिलेलं नाही.