नर्सबाईची काडी

ज्योत्स्नाबाई लोहा तालुक्यातल्या भोकरमाळला नर्स म्हणून आल्या, त्याला बावीस वर्षं होत आली. सुईला भिणारी पोरं सोडली, तर त्यांच्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. कोरोनात मात्र त्यांचं नाव खराब झालं.

ओढ्यापलीकडची सावरखेडी लातूर जिल्ह्यात. दुसऱ्या लाटेत दोन्ही गावांनी एकाच दिवशी गावबंदी केली आणि वेशीवर बाभळीचे काटे टाकले. पण ज्योत्स्नाबाई घरोघर फिरून खोकणाऱ्याच्या नाकात काडी घालायच्या आणि तपासणीला पाठवायच्या. भोकरमाळला रुग्ण निघाले एकेचाळीस. पलीकडे कुणी तपासलंच नाही, म्हणून तिथे शून्य. तिकडच्या सरपंचाला हारतुरे मिळाले आणि इकडे गाव म्हणू लागलं, "नर्सबाईनं काडी घातली!" हे बोलणं नाकापुरतं नव्हतं, हे बाईंना कळत होतं. ते त्यांना फार लागलं. आपण गावाला उगाच बदनाम केलं का, हा विचार पाच वर्षं त्यांची पाठ सोडत नव्हता.

निवृत्तीला आठवडा उरला, तेव्हा निरोपाचं जेवण ठरवायला भोकरमाळचे सरपंच हणमंतराव यांनी त्यांना घरी बोलावलं. आचारी भुजंगही आला होता. तो दोन्ही गावांत स्वयंपाक करायचा. बोलता बोलता म्हणाला, "त्या लाटंच्या पुढल्या वैशाखात सावरखेडीत वर्षश्राद्धाचे नऊ सैपाक केले म्या. इथं दोनच."

हणमंतराव उसळले. "मंग आपलीच बंदी पक्की म्हना की! भाषणात सांगतो."

ज्योत्स्नाबाईंना मोह झाला. सगळ्यांची तोंडं एका दमात बंद झाली असती.

"नका सांगू," त्या म्हणाल्या. "तिथं म्हातारी मान्सं लई, पोरं समदी पुण्याला. नऊतले कोरोनानं किती गेले, कुनाला ठाव? आन् काटे असून दोन्हीकडचे लोक ओढ्यातून जातच व्हते की."

"मंग बंदीनं झालं तरी काय?"

"मला न्हाई सांगता येत."

हणमंतराव हिरमुसले. त्यांच्या पत्नी तुळजाबाई चहा घेऊन आल्या होत्या. कोरोनात बाईंनी त्यांच्या नाकात काडी घातली आणि दुसऱ्याच दिवशी अहवाल आल्यावर त्यांना नांदेडला नेऊन ऑक्सिजनवर ठेवावं लागलं होतं.

"गावाचं तुमी बघा," त्या म्हणाल्या. "म्या एकेचाळीसातली हाय. बापानं पलीकडं दिली असती, तर शून्यातच गेले असते."