दिवाळीची पहिली आंघोळ थांबवली ती सकाळ

बाळांनो, या दिवाळीत फराळाचे फोटो का आले नाहीत, असं तुम्ही फोनवर सारखं विचारत होतात आणि मी ‘पाऊस होता’ एवढंच सांगून विषय बदलत होते. आता नीट लिहिते.

समुद्रात चक्रीवादळ उठलं की पुण्यापर्यंत वारा पोचत नाही, पण पाऊस पोचतो. वाघोलीत आमच्या बाजूला महापालिकेची ड्रेनेज लाइन अजून आलेली नाही. इमारतीचं सगळं सांडपाणी आणि मैला पार्किंगखालच्या सेप्टिक टँकमध्ये जातो, आणि टँक भरला की टँकरवाला येऊन उपसून नेतो. दिवाळीच्या आठवड्यात असाच पाऊस लागून जमीन इतकी भिजली होती, की पावसाचं पाणीही टँकमध्ये झिरपत होतं. सोसायटीने ठरवलं, दिवाळी झाली की टँकर बोलवू.

तुमच्या आजोबांच्या खुब्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. टाके अजून काढले नव्हते. वॉकर आणि दोन माणसं असल्याशिवाय त्यांना उभं राहता येत नव्हतं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, जखमेला घाण पाणी लागू देऊ नका, जंतू आत गेले तर बसवलेला सांधा काढावा लागेल. हे मी आजोबांना सांगितलं नव्हतं. आणि आमचं घर तळमजल्यावर.

नरक चतुर्दशीला उजाडता उजाडता बाथरूममधून गुडगुड ऐकू आली. वीज रात्रीच गेली होती. टॉर्च मारून पाहिलं तर जाळीतून काळं पाणी वर येत होतं. वास तुम्हाला सांगत नाही. मी फरशीवर जुन्या चादरी अंथरल्या, पण त्या बघता बघता भिजल्या.

टँकरवाल्याला फोन लावला.

“आजी, समद्या वाघोलीचा फोन माझ्याकडंच हाय,” तो म्हणाला. “एक गाडी दवाखान्यात लावलीय, दुसरी चिखलात रुतलीय. दुपार होईल. तवर वरच्यांना पाणी सोडू देऊ नका. वरचं सगळं तुमच्याच घरात येणार. आन् टाकीचं झाकण कुणाला उघडू देऊ नका, आत गॅस असतो, माणूस जातो.”

तेव्हा माझ्या लक्षात आलं, आज पहिली आंघोळ. सगळ्या इमारतीत गॅसवर पाणी तापत असणार, प्रत्येक जण तेल लावून बसलेला असणार.

जिना चढायला लागले. पहिल्या मजल्यावरच्या बाई महसूल खात्यात आहेत. त्यांचं कुटुंब बौद्ध, त्यामुळे त्यांच्याकडे पहाटेच्या आंघोळीची गडबड नव्हती. त्यांनी ऐकून घेतलं आणि लगेच म्हणाल्या, “काकू, काकांना माझ्याकडे आणायचं. तुम्ही वर सांगून या, मी त्यांच्यापाशी बसते.”

दुसऱ्या मजल्यावर कुलूप होतं. तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त गृहस्थ दारात आले ते नखशिखान्त तेलात.

“दिवाळीला आंघोळ करू नका म्हणून सांगायला आलेल्या तुम्ही पहिल्याच.”

“अहो, माझ्या घरात मैला शिरतोय.”

“आणि या तेलाचं काय करू? पणती होऊन बसू का? वात तेवढी आणून द्या.” मग त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि आत ओरडले, “बादली खाली ठेवा! कुणी नळाला हात लावायचा नाही!”

चौथ्या मजल्यावर दार उघडेना. आतून पाणी अंगावर ओतल्याचा आवाज येत होता. तांब्यामागून तांब्या. तो प्रत्येक तांब्या आजोबांच्या पलंगाकडे निघालाय, असं मला दिसत होतं. मी दोन्ही हातांनी दार बडवलं. शेवटी आयटीमधला तो मुलगा टॉवेल गुंडाळून, कानात साबण तसाच ठेवून बाहेर आला.

“आजी, काय झालं? आग?”

“नाही. तुझी आंघोळ.”

तो तसाच शर्ट चढवून माझ्यामागे धावला.

खाली आलो तोवर पाणी बेडरूमच्या उंबऱ्यावरून आत आलं होतं. महसूलवाल्या बाईंनी साडी खोचली होती आणि आजोबांचे पाय उशीवर उचलून धरले होते. लिफ्ट बंद. आजोबांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं, ऑपरेशन झालेला पाय फळीवर सरळ बांधला. पुढून मुलाने आणि मागून, तोवर खाली आलेल्या तिसऱ्या मजल्यावरच्यांनी खुर्ची उचलली.

जिन्याच्या वळणावर खुर्चीचा मागचा पाय हातातून सटकला. खुर्ची तिरकी झाली, आजोबा कठड्याकडे कलले आणि त्यांनी माझा दंड असा पकडला, की आठवडाभर वळ होते. मुलाने गुडघा खाली घालून खुर्ची तोलली.

“तेल!” तिसऱ्या मजल्यावरचे रडकुंडीला आले होते. “हात राहतच नाहीत हो.”

“हलू नका कुणी,” बाई म्हणाल्या. धावत वर जाऊन त्या ज्वारीच्या पिठाचा डबा घेऊन आल्या. “हात पुढे करा.” त्यांनी त्या दोघांच्या तळव्यांना पीठ चोळलं आणि स्वतः खुर्चीच्या मागच्या पायाला हात घातला. उरलेला जिना एकेक पायरी करत चढलो.

टँकर दुपारी आला. टँकरवाल्याने पाइप टाकला, पण टाकी अर्ध्यावर आणून थांबला. मी म्हटलं, “सगळी का नाही उपसत?” तर म्हणाला, “भुई फुगलीय. टाकी रिकामी केली तर पाणी तिला खालनं वर उचलंल, भिंती फुटत्याल. परवा पुन्हा येतो.” घरातलं पाणी मात्र उतरलं. चादरी, पायपुसणी, करंज्यांचा खालच्या फळीवरचा डबा, सगळं फेकून दिलं.

आम्ही पहिल्या मजल्यावरच राहिलो. आजोबांना थोडा जरी ताप वाटला तरी मी थर्मामीटर लावायची. ते चिडायचे. का लावते, ते मी तेव्हाही सांगितलं नाही.

डॉक्टर तिथेच टाके काढायला आले. त्यांनी पट्टीला हात घातला आणि मी खोलीतून बाहेर आले. जिन्यात उभी राहिले, कठडा धरून. मग आजोबांची हाक आली, नेहमीसारखीच जरा वैतागलेली.

“अगं, बाहेर काय उभी राहिलीस? ये आत. सुकलंय सगळं.”