बाबांचं यॉडलिंग

२००६च्या उन्हाळ्यात बाबा सहा महिन्यांसाठी अमेरिकेत, ट्रॉयला माझ्याकडे आले. आई जाऊन वर्ष होत आलं होतं. बाबा नागपूरला शाळेत गणित शिकवायचे आणि त्यांचा दरारा आम्ही घरातही पुरेपूर भोगला होता. पण स्वयंपाकघरात आईसमोर हेच बाबा यॉडलिंग करायचे. जुन्या हिंदी सिनेमातला हीरो डोंगरात हिंडताना गळ्यातून आवाजाच्या कोलांट्या मारतो ना, तसं. आई पोळ्या लाटता लाटता हसायची. आम्ही पोरं दारात दिसलो की बाबा खाकरायचे आणि पेपर उघडायचे. आई गेल्यावर ते सगळं थांबलं. मला ते एकदा समोर बसून ऐकायचं होतं. दुसरं काही नको होतं.

"एकदा म्हणा ना, बाबा," ते आल्या आल्याच मी म्हणून पाहिलं.

"काय म्हणू? तेराचा पाढा?"

बाबांना गाडी येत नव्हती, ओळखीचं कुणी नव्हतं. दिवसभर खिडकीतून पार्किंग लॉट बघत बसायचे. म्हणून शनिवारी सकाळी मी त्यांना लायब्ररीत सोडून ग्रोसरीला जायला लागले. एकदा लवकर परतले, तर तळघरातल्या हॉलमधून गिटार ऐकू आली आणि तिच्यावर बाबांचा आवाज. खालच्या सुरात जरा घुटमळला आणि एकदम वर उडाला. मी जिन्यातच बसकण मारली.

आत गाड्यांच्या कारखान्यातून रिटायर झालेली म्हातारी मंडळी काउबॉयची गाणी म्हणायला जमली होती. न राहवून मी दारात गेले. बाबांनी मला पाहिलं आणि गाणं तिथंच तोडलं.

घरी जाताना गाडीत मात्र खुलले. "त्यांच्यातल्या एका बाईचे आईवडील स्वित्झर्लंडचे. तिकडे या डोंगरावरून त्या डोंगरावर गुरांना अशी हाक मारत म्हणे. इकडे काउबॉयनी त्यालाच गिटार जोडली. आपल्याकडे आवाज चिरकला की मास्तर कान पिरगाळतो. इथं मुद्दाम चिरकवायचा!"

"मग पुढच्या शनिवारी मी आत बसू?"

"तुला काय करायचं तिथं? तू सामान आण."

राग आला मला. परक्यांसमोर गळा मोकळा आणि पोटच्या पोरीसमोर कुलूप! तरी पुढचे सगळे शनिवार मी सामान भराभर गाडीत कोंबून, दूध डिकीत तसंच ठेवून, त्या जिन्यात येऊन बसायचे. दारापलीकडून ऐकू येईल तेवढं ऐकायचे. कधी रडायचेही.

परतीचं तिकीट बुधवारचं होतं. त्याआधीच्या शनिवारी त्या स्विस आजींनी मला जिन्यात पकडलं आणि हाताला धरून आत नेलं. बाबा गात होते. थांबले. माझा तोल सुटला. भरल्या लोकांत मी मराठीत ओरडले, "माझ्यासमोरच का नाही, बाबा? मी काय घोडं मारलंय तुमचं?"

गिटार थांबली. कुणाला शब्द कळला नाही, पण सगळे खाली बघायला लागले.

बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "तू तिच्यासारखी दिसून राहिली, बेटा. दिवसेंदिवस जास्तच. तुझ्याकडे पाहिलं की गळा दाटून येतो. मग गाऊ कसा?"

मग हळूच म्हणाले, "तिकडे तोंड करून बसशील?"

मी एक खुर्ची ओढली, भिंतीकडे वळवली आणि बसले. पाठीमागे गिटार सुरू झाली. बाबा गायले, घाई न करता, मन लावून. एक गाणं संपवून त्यांनी दुसरं धरलं. गाताना त्यांचा चेहरा कसा होतो, ते त्या हॉलमध्ये मला सोडून सगळ्यांना दिसत होतं.