नव्या मलमाची भागीदारी

कागलच्या एमआयडीसीजवळ माझा दवाखाना आहे. फाउंड्रीत वितळलेलं लोखंड अंगावर उडून भाजलेले कामगार माझ्याकडे रोज येतात. ते ऐकून एका औषध कंपनीचे साहेब आले. त्यांना भाजल्यावरच्या नव्या मलमाची जुन्या, स्वस्त मलमाशी तुलना करून हवी होती. "आम्ही स्पॉन्सर नाही मॅडम, पार्टनर आहोत," असं ते दर पाच मिनिटांनी म्हणायचे. माझ्या नावापुढे 'प्रमुख संशोधक' लागणार होतं. मीही विरघळले.

कोल्हापुरातल्या कॉलेजात औषधशास्त्र शिकवणारी माझी मैत्रीण सोबतीला आली. आम्ही दोघींनी करारावर सह्या केल्या. मी न वाचता, तिने वाचून. करारानुसार आम्ही अभ्यासाबद्दल कुणाशीही बोलायचं नव्हतं. चहाला भेटलो की बिचारी माझ्याशीही पावसापाण्याच्याच गप्पा मारायची. सहकार्य म्हणतात ते हेच असावं.

शेवटी निकाल लागला. दोन्ही मलमांनी जखमा सारख्याच भरत होत्या. साहेबांचा फोन आला.

"शोधनिबंध तूर्त छापू नये. पार्टनरशिपच्या हिताचं नाही."

"आणि नवं मलम सरस ठरलं असतं तर?"

"मग तर विज्ञानासाठी ताबडतोब छापायला हवा होता!"

मी रागाने धुमसत होते. मैत्रिणीने मात्र शांतपणे करार उघडला. त्यात अशा चाचण्यांना परवानगी देणाऱ्या नीतिसमितीने एक कलम घालायला लावलं होतं: अभ्यास संपल्यावर सहभागी रुग्णांना निकाल त्यांच्या भाषेत सांगावा. कंपनीच्या वकिलांना ते शोभेचं वाटलं असणार.

मग एका रविवारी आम्ही दवाखान्यासमोर सतरंज्या टाकल्या आणि अभ्यासातल्या सगळ्या कामगारांना बोलावलं. मैत्रिणीने पाच मिनिटांत निकाल सांगितला. दंडावर भाजल्याचा डाग असलेला, साचे भरणारा एक मोल्डर उठला.

"म्हंजे जुनं मलम बी तेवढंच गुणाचं हाय?"

"हो."

"मग नवं काढलं कशाला ओ? आमाला तर गरज न्हाय."

"तुमच्यासाठी नव्हतंच काढलेलं," मैत्रीण म्हणाली. सगळे खो-खो हसले. मला हसू आलं नाही. त्याच्या दंडावर ते नवं मलम मीच लावलं होतं.

आठवड्याभरात अख्ख्या एमआयडीसीत बातमी पसरली. कारखान्यांच्या प्रथमोपचार पेट्यांत जुन्याच ट्यूब राहिल्या. कंपनीने विश्वासघाताची नोटीस पाठवली. मैत्रिणीने उत्तरात फक्त त्या कलमाची झेरॉक्स पाठवली, आणि पुढची नोटीस आलीच नाही. निबंध आजही छापून आलेला नाही. आता तो आम्ही तिसऱ्या नियतकालिकाकडे धाडला आहे.

गेल्या महिन्यात त्याच मलमाचा प्रतिनिधी दवाखान्यात आला. त्याला मी कोण ते ठाऊक नव्हतं.

"मॅडम, याची चाचणी खास तुमच्या कोल्हापुरात झालीय."

"हो का? निकाल काय लागला?"

"खूप उत्साहवर्धक!"

मी त्याला बसवलं, पाणी दिलं आणि खरा निकाल सांगितला. त्याने मन लावून ऐकलं आणि तो सॅम्पलच्या चार ट्यूब टेबलावर ठेवून गेला.