उत्तमरावांचा कान

औंढ्यात कुणाची पेटी बेसूर झाली, की ती उत्तमरावांच्या ओट्यावर यायची आणि मालकाला आधी शिव्या पडायच्या. माणूस कानाचा पक्का, तोंडाचा फाटका. सप्त्यात गाणारा कितीही मोठा बुवा असो, सूर चढला की हे भर मंडपात हात वर करून त्याला थांबवणार. एकदा ऐकलेला सूर आपण जन्मात विसरत नाही, ही त्यांची बढाई सगळ्या गावाला पाठ होती.

त्यांचा खरा दात होता अपर्णावर. त्यांच्याच ओट्यावर सरगम घोटलेली पोरगी पुण्याला शिकून आली आणि ह्यांना न विचारता शाळेत संगीताची बाई झाली. तेव्हापासून बोलणं बंद. शाळेत तिनं आपल्या आणि आफ्रिकेच्या संगीताची ओळख करून द्यायचा कार्यक्रम ठेवला, तेव्हा हेडमास्तरांनी गळ घातली म्हणून हे तंबोरा, पेटी, तबला घेऊन गेले. गेले ते नाक मुरडतच.

अपर्णानं लेकरांना आधी तंबोरा ऐकवला. सा म्हणजे आपलं घर, गाणं तिथून निघतं नि तिथंच परत येतं, असं सांगितलं. उत्तमरावांनी मान डोलावली. मग तिनं एक फळी काढली. तिच्यावर लोखंडी पट्ट्या, कडेला बाटल्यांची झाकणं. हा झिम्बाब्वेचा एंबिरा. तिकडं घरागणिक सूर वेगळे लावतात, गाणं गोल फिरतं, जिथून ऐकाल तिथून सुरू. हा पुण्यात तिच्यासोबत शिकलेल्या, तिकडच्याच मैत्रिणीच्या आजोबांनी लावलेला. म्हाताऱ्यानं कधी रेकॉर्ड करू दिलं नाही, आता तो गेला, आणि त्या घरचे सूर एवढ्या एका फळीवर उरले होते. दिवाळीत मैत्रीण येऊन ते रेकॉर्ड करून नेणार होती.

अपर्णा वाजवू लागली. गंधार कोमलही नाही, शुद्धही नाही, मधेच लोंबकळलेला! वरून झाकणांची झणझण. आणि लेकरं तंबोऱ्यापेक्षा ह्यालाच टाळ्या पिटून राहिली. उत्तमरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

खिचडीची सुट्टी झाली, वर्ग रिकामा झाला. तबल्याची हातोडी खिशात होतीच. पेटीवर एकेक सूर वाजवून बघत त्यांनी एकेक पट्टी ठोकून त्या सुराला आणली. शेवटी सरगम वाजवून पाहिली. झकास! पोरीची लाज राखली, असंच त्यांना वाटलं.

अपर्णा आली. दोन पट्ट्या छेडल्या आणि तिचा चेहरा उतरला.

"बेसूर व्हतं. सुरात आणून दिलं," उत्तमराव म्हणाले.

तिनं फळी त्यांच्या मांडीवर ठेवली. "गुरुजी, ऐकलेला सूर तुमी इसरत न्हाई ना? मग व्हता तसा लावून द्या."

त्यात काय, म्हणून त्यांनी हातोडी उचलली. पट्टी खाली घेतली, वर घेतली. सूर चुकीचा होता एवढं बराबर आठवत होतं. किती आणि कुठं, ते काही केल्या आठवेना. फिरून फिरून हात पेटीच्याच सुरावर येत होता. घाम फुटला तरी ते ठोकत राहिले. शेवटी अपर्णानं फळी काढून घेतली.

दिवाळीत ती मैत्रीण आली. अपर्णानं तिला मुद्दाम गुरुजींच्या ओट्यावर आणलं, आणि उत्तमरावांना आत पळायला सवड मिळाली नाही. मैत्रिणीनं फळी मांडीवर घेऊन थोडं वाजवलं, थांबली, पुन्हा वाजवलं. मग अदबीनं काहीतरी विचारलं.

"ती इचारते, हे सूर कुणाच्या घरचे?" अपर्णा म्हणाली, आणि गुरुजींकडं बघत उभी राहिली.

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. उत्तमरावांनी बेसूर, बेताल, सगळे शब्द तोंडात घोळवून पाहिले. मग सगळे गिळून टाकले.

"माझ्या," ते म्हणाले.