घंगाळातले गुलाबी पाणी

कल्याणला आमच्या घरी दुपारचे ऊन अंगणात उतरले की आत्या पितळी घंगाळ ओढत तुळशीपाशी नेऊन ठेवी. विहिरीचे ताजे पाणी गार असे. थोडा वेळ उन्हात राहिले म्हणजे ते लहान मुलाच्या अंगाला सोसे. मुलगी तेव्हा दीड वर्षाची होती. पाणी कोमट झाले की तिला घंगाळाजवळ बसवायचे आणि हातात काहीतरी द्यायचे, एवढीच तयारी. मात्र जवळ कोणीतरी मोठे माणूस बसलेलेच असे. वीतभर पाण्यातही मूल दगावते, हे आत्या पुन्हा पुन्हा सांगत असे.

खेळणी घरातलीच होती. दोन करवंट्या होत्या, एक धड आणि एक भोकाची. धड करवंटी तरंगे. भोकाची हळूहळू भरे, कलंडे आणि तळाशी जाई. ती जाईपर्यंत मुलगी श्वास धरून पाही आणि बुडाली की टाळ्या वाजवी. पोफळीच्या झावळीच्या बुडाला असते त्या वाळक्या विरीची होडी होती. तीत तुळशीच्या मंजिऱ्या उतारू म्हणून बसत. दोन गडू होते, ह्यातले पाणी त्यात ओतायला. एक जुने फडके होते, बुडवून पिळायला. ह्या सगळ्याचा कंटाळा आला की आत्या तिच्या हाती काथ्याचा कुंचला देई. तो पाण्यात बुडवून मुलगी तापलेल्या फरशीवर रेघ ओढी. वळून पाहीपर्यंत रेघ वाळलेली असे.

"कुठे गेली गं रेघ?" आत्या विचारी.

"गेई," असे म्हणून मुलगी दोन्ही तळवे उलटे करून दाखवी.

आत्या माझ्या वडिलांची बहीण. लहानपणी विधवा होऊन माहेरी आलेली. घरात आत्या, मी, माझी पत्नी आणि मुलगी, एवढीच माणसे होती. मुलीच्या आधी एक मुलगा झाला होता. तो पटकीच्या साथीत ओकाऱ्या-जुलाब होऊन गेला. त्याच्याविषयी घरात कोणी बोलत नसे.

मी ठाण्याच्या एका साप्ताहिकात काम करीत होतो. ज्या उन्हाळ्याची ही हकीकत आहे त्या उन्हाळ्यात खाडीकडच्या वस्तीतून पटकीच्या बातम्या येऊ लागल्या. पुढे त्या आमच्या आळीच्या तोंडाशी आल्या. सकाळी धडधाकट दिसलेला माणूस दिवेलागणीच्या आत गेल्याचे ऐकू येई. बायका त्या रोगाचे नाव घेत नसत. "ती आली आहे," एवढेच म्हणत. पत्नी मुलीच्या कपाळाला दिवसातून कितीदा तरी हात लावून पाहू लागली.

मग विहिरींत औषध टाकणारी माणसे आली. जांभळ्या खड्यांची पूड त्यांनी बादलीत कालवली, बादली आमच्या विहिरीत सोडली आणि दोराने वरखाली करून पाणी ढवळले. विहीर जांभळी झाली. पाणी वापरायला हरकत नाही, असे सांगून ती पुढच्या घरी गेली. दुसऱ्या दिवशी पाण्याचा रंग फिका गुलाबी झाला होता आणि त्यावर दोन बेडूक पोट वर करून तरंगत होते.

शेजारीण कुंपणावरून डोकावली. "काय हो आत्याबाई, आज सरबत काढलंत का विहिरीतनं?"

"काढलंय तर. या प्यायला. आधी तुम्ही घ्या, मग ह्या बेडकांना विचारू कसं लागलं ते."

"नको गं बाई. आम्ही आपल्या तळ्यावर जातो."

आळीतल्या सगळ्याच घरांनी तसे ठरवले. ज्याने बेडूक मरतात ते माणसाच्या पोटात जाऊ द्यायचे नाही. आत्या पहाटे ओलेत्याने तळ्यावर जाऊ लागली आणि प्यायचे पाणी तांब्याच्या हंड्यात भरून आणू लागली. तळ्याचे पाणी स्वच्छ दिसे, त्याला वास नसे, आणि ते वाडवडिलांपासून पिण्यात होते. स्वयंपाकही त्यावरच होई. विहिरीचे पाणी झाडांना, भांड्यांना आणि मुलीच्या घंगाळाला.

मुलीला तो रंग फार आवडला. ती फडके बुडवी, पिळी आणि पुन्हा बुडवी. फडके तपकिरी पडले. तिच्या बोटांची टोकेही तपकिरी झाली. ती बोटे तोंडाकडे गेली की आत्या हातावर हलकेच चापट मारी. "अगं, थू! थू कर. विष आहे ते."

औषध टाकल्याच्या चौथ्या दिवशी मी घरीच होतो. ओसरीवर बसून मजकूर तपासत होतो. पत्नी चुलीपाशी होती. आत्या घंगाळाजवळ वाती वळत बसली होती आणि कापूस उडाला म्हणून तो धरायला वाकली. तेवढ्यात मुलीने धड करवंटी भरून तोंडाला लावली आणि सगळी रिकामी केली. मग ती करवंटी उलटी करून तिने आम्हाला दाखवली आणि हसली.

आत्या ओरडली. पत्नी पिठाच्या हातानेच बाहेर आली. मुलीची जीभ तपकिरी दिसत होती. मी चपला न घालताच दवाखान्याकडे धावलो.

डॉक्टरांना घेऊन परतलो तेव्हा मुलगी आत्याच्या मांडीवर आडवी होती. तिला ओकारी झाली होती, झबले भिजले होते, आवाज रडून बसला होता. पत्नी हातात पेला घेऊन उभी होती. डॉक्टरांनी मुलीची जीभ पाहिली आणि पोट दाबून पाहिले.

"किती प्यायली?"

"करवंटीभर," आत्या म्हणाली. "पण मी बाहेर काढलंय हो सगळं. मिठाचं पाणी पाजलं. पेल्यावर पेला पाजला. दोनदा ओकली पोर."

"विहिरीच्या पाण्याने काही व्हायचं नव्हतं, आजीबाई. ते औषध फार पातळ झालेलं आहे. ते प्यावं म्हणूनच टाकलं आहे. जीभ तेवढी रंगली, ती दोन दिवसांत निवळेल."

आत्याने सुटकेचा श्वास टाकला. डॉक्टर उठले आणि पायरीपाशी थांबले.

"मीठ कुठल्या पाण्यात कालवलंत?"

"प्यायच्या. त्या हंड्यातल्या."

"आणि हंड्यात कुठलं पाणी आहे?"

"तळ्याचं..." म्हणून आत्या अर्ध्यावरच थांबली. पत्नीने पेला खाली ठेवला. डॉक्टरांनी हंड्यात वाकून पाहिले. पाणी इतके नितळ होते की तळावरची ठोक्याची खूण दिसत होती.

"साथ आहे ती त्या तळ्याची," ते म्हणाले. "कालपासून तळ्याकाठच्या दोन घरांत माणसं आजारी आहेत. हे ओतून टाका. हंडा उकळत्या पाण्याने धुवा. ह्यापुढे विहिरीचंच प्या, तेही उकळून."

"आणि हिला?" पत्नीने आत्याकडे पाहत विचारले. परक्या पुरुषाशी ती सहसा बोलत नसे.

"हिला ओकारी मिठामुळे झाली असेल. पुन्हा झाली, किंवा पाण्यासारखे जुलाब लागले, तर ताबडतोब बोलवा. तोवर वाट पाहायची. माझ्या हाती दुसरं काही नाही."

ते गेल्यावर मी हंडा परसात नेऊन उपडा केला. आम्ही सगळेच त्या हंड्यातले पाणी तीन-चार दिवस प्यायलो होतो. परंतु नजर फक्त मुलीवर होती. रोगाची पहिली खूण म्हणून जी ओकारी पाहायची, तीच आमच्या हातांनी तिच्यात उत्पन्न केलेली होती. त्यामुळे तिच्याकडे पाहून काहीच कळत नव्हते. ती मलूल होती. रडून थकली असेल. तिचे ओठ कोरडे होते. मिठाने झाले असतील. तिने पाणी मागितले तेव्हा पत्नीने उकळून निवविलेले गुलाबी पाणी चमच्याने पाजले, आणि प्रत्येक चमच्यानंतर आम्ही तिघे तिच्या पोटाकडे पाहत राहिलो. एकदा तिला उचकी लागली. आत्या भिंतीकडे तोंड करून बसली.

दुसऱ्या दिवशी शेजारणीच्या घरून रडणे ऐकू आले. तिचा दीर गेला होता. मी कुंपणाशी जाऊन तळ्याच्या पाण्याबद्दल डॉक्टर काय म्हणाले ते सांगितले. शेजारीण म्हणाली, "आता सांगता होय?" एवढे बोलून ती आत गेली.

आत्याने त्या दिवशी सोवळे बाजूला ठेवले. परक्यांनी बादली बुडवलेल्या विहिरीचे पाणी चुलीवर उकळले आणि निवल्यावर पहिला पेला स्वतः प्यायली. "लोखंड चाटल्यासारखं लागतं," असे म्हणून दुसरा प्यायली. नातीच्या वाट्याला जायचे ते आधी आपल्या पोटात जाऊ दे, असा तिचा विचार असावा. तसे तिने बोलून दाखवले नाही.

मुलीला जुलाब झाले नाहीत. तिसऱ्या दिवशी ती उठून चालू लागली आणि थेट अंगणात गेली. घंगाळ पालथे घातलेले होते. ती त्याच्यावर थापट्या मारू लागली. पत्नी म्हणाली, "नको. आता पाणी नकोच." आत्याने ऐकून घेतले. मग ती उठली, घंगाळ सुलटे केले आणि उकळलेले पाणी त्यात ओतले. भोकाची करवंटी तिने मुलीच्या हाती दिली. धड करवंटी तिने आधीच चुलीत घातली होती.

करवंटी भरली, कलंडली, बुडाली. मुलीने टाळ्या वाजवल्या आणि ओला हात तोंडाकडे नेला. आत्याचा हात चापट मारायला उचलला गेला आणि हवेतच थांबला. मुलगी बोटे चोखत राहिली. आम्ही तिघे पाहत राहिलो.