गाळावर ओढलेली फक्की

उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागं सरलं की आमचं गाव उघड्या पडलेल्या गाळात पीक घेतं. गाळपेर म्हणतात त्याला. जमीन सरकारची, पण कसणाऱ्याचा सगळा जीव तिच्यात. त्याच गाळावर नदी सुरय पक्षी अंडी घालतात, उघड्यावर, नुसत्या खळग्यात. त्या वर्षी आम्ही कॉलेजची चार पोरं त्यांची घरटी मोजत होतो.

पिल्लं बाहेर यायला दोन-चार दिवस राहिले होते. कुणाचा पाय पडू नये म्हणून मी प्रत्येक घरट्याभोवती चुन्याच्या फक्कीचं कडं केलं आणि सगळ्यांना वेढणारी एक लांब रेघ ओढली. गावात बोलायचं नाही, पोरं अंडी पळवतील, ही अक्कलही माझीच!

संध्याकाळी माझे चुलते तणतणत घरी आले. "कुणी सरकारी मोजणी लावली गं आमच्या गाळावर?"

"मोजणी न्हाई, तात्या. पाखरांचं काम हाय आमचं."

"पाखरांसाठी फक्की टाकत्यात व्हय? शेंबडं पोरगंबी सांगंल, फक्की पडली की जमीन गेली. निम्मं शिवार धरणानं खाल्लं, ऱ्हायलेलं तू घालव!"

माझंही डोकं फिरलं. "अडाण्यांपुढं काय बोलायचं?" असं मी शेजारीपाजारी ऐकत असताना म्हणाले. अंडी हा शब्द मात्र तोंडातून काढला नाही.

सकाळी त्यांनी रेघ पुसायला ट्रॅक्टर घातला, बरोबर कड्याकड्यावरून. मी धावत पोचले तेव्हा सगळं नांगरून झालं होतं. सुरय ओरडत माझ्याच डोक्यावर झेपावत होते, चोची मारत होते. मारा म्हटलं, लायकीच आहे माझी.

तात्या ट्रॅक्टरवरून उतरले, खाली वाकले. हातात फुटकं अंडं, आत चोचीसकट पिल्लू.

"आगं, अंडी व्हती हितं? काल सांगाया जीब झडली व्हती का तुजी?"

"सांगून काय केलं असतं तुमी?"

"वळसा घातला असता! टिटवीचं घरटं सोडून नांगरतो आपण. ठावं न्हाई तुला?"

ठाऊक होतं. चालता नांगर थांबवून टिटवीची अंडी मला पहिल्यांदा त्यांनीच दाखवली होती. तरी मी म्हणाले, "आता मला शिकवू नका," आणि त्यांच्या हातातलं ते अंडं हिसकावून घेतलं.